पंधरा नंबरची गोष्ट सांगणाऱ्या ओबाचानना

प्रिय ओबाचान (जपानीत मावशी),

हे पत्र आधी मराठीत लिहितोय, माझ्या माणसांना तुम्ही कळायला हव्यात म्हणून. जपानीत मी ते फोनवर वाचून दाखवीन. नेहमीसारख्या चुका काढा.

२०१४ च्या शरदात मी नोकरीसाठी हिरोशिमाला आलो, तेव्हा दिवसच्या दिवस कुणाशी बोलायचो नाही. 'मांस नको, मासे नको' एवढं पाठ करून तुमच्या ओकोनोमियाकीच्या दुकानात शिरलो. तुम्ही तव्यावर कोबी आणि नूडल्सचं जाडजूड धिरडं लावलंत आणि वर माशाचा चुरा भुरभुरणारा हात मध्येच आवरलात. भिंतीवर १५ नंबरची बेसबॉलची जर्सी होती. 'हा कोण?' असं विचारलं आणि माझी शाळा सुरू झाली.

हिरोकी कुरोदा. ओसाकाचा, हायस्कूलच्या संघात राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९९७ पासून इथल्याच बेसबॉल संघाकडे, हिरोशिमा कार्पकडे. २००५ मध्ये १५ विजय, पुढच्या वर्षी ईआरए १.८५, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या नावावर सरासरी दोनहूनही कमी धावा. आकडे मला त्याच्यामुळेच जपानीत म्हणता यायला लागले. पण तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. संघ सुरू झाला तेव्हा कार्पच्या पाठीशी कुणी मोठी मालक कंपनी नव्हती. १९५१ मध्ये संघ बुडायला आला, तेव्हा लोकांनी साकेच्या, म्हणजे जपानी दारूच्या, पिंपात पैसे टाकून तो जगवला. अशा संघाचा हुकमी पिचर २००६ मध्ये कुठेही जायला मोकळा झाला होता. ऑक्टोबरमध्ये, अणुबॉम्ब घुमटासमोरच्या जुन्या मैदानात, प्रेक्षकांनी भलंमोठं कापड फडकवलं: तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते पाणी आम्ही होऊ. तुम्हीही त्या गर्दीत होतात. हे सांगताना तुम्ही गॅस बारीक केला होता, एवढं मला आठवतंय.

तो थांबला. वर्षभराने मात्र अमेरिकेला गेला, आधी डॉजर्स, मग यांकीज या संघांकडे. 'जपानात परतला तर इथेच येईल,' तुम्ही ठामपणे म्हणालात. मला ते भाबडं वाटलं होतं. त्याबद्दल आज माफी मागतो.

डिसेंबरात बातमी आली. सलग पाच हंगाम दहाहून जास्त सामने जिंकलेला, चाळिशीला टेकलेला माणूस, अमेरिकेतले संघ देत होते त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात कार्पकडे परत येत होता. २९ मार्च २०१५ ला तुम्ही मला कार्पच्या माझदा स्टेडियमला नेलंत. सात इनिंग, म्हणजे नऊपैकी सात डाव, त्याने चेंडू टाकले आणि एकही धाव दिली नाही! डावखुऱ्या बॅटरच्या अंगावर येणारा त्याचा चेंडू ऐनवेळी वळून प्लेटची, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीवरल्या पाटीची, कड कसा गाठतो, ते तुम्ही दुसऱ्या दिवशी कांदा आणि कालथा घेऊन दाखवलंत. प्रत्येक इनिंगनंतर मला स्कोअर पूर्ण वाक्यात सांगायला लावायचात. क्रियापद चुकलं तर सॉसची बाटली मिळायची नाही. क्लासमध्ये न सुटलेली माझी जीभ तुमच्या तव्यासमोर सुटली.

१० सप्टेंबर २०१६. टोकियो डोममध्ये कुरोदाच पिचर होता आणि कार्पने २५ वर्षांनी लीग जिंकली. तो आणि त्याचा संघातला जुना सोबती आराई गळ्यात पडून रडले, इकडे दुकानात सगळे रडले, मीही. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. हिरोशिमात आल्यापासून कुणी मला मिठी मारली, ती पहिल्यांदा.

जपान सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, हातची गेली. कुरोदाच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात त्याने बाद केलेला शेवटचा बॅटर आज अमेरिकेत गाजणारा शोहेई ओतानी होता, हे आता लोकांना मोठं वाटतं. मला मात्र नोव्हेंबरचा त्याच्या निवृत्तीचा निरोप आठवतो. कुरोदा पिचरच्या उंचवट्यावर गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा समजावणाऱ्या तुम्ही त्या वेळी एक शब्दही बोलला नाहीत. फक्त माझी बाही धरून ठेवलीत.

ओबाचान, भाषेबद्दल, त्या कोपऱ्यातल्या स्टुलाबद्दल, बाही धरल्याबद्दल मनापासून आभार. संध्याकाळी सहाचा सामना इथे पुण्यात दुपारी अडीचला सुरू होतो. तो संपला की फोन करतो. स्कोअर मी सांगेन, पूर्ण वाक्यात.

तुमचा,
कोपऱ्यातल्या स्टुलावरचा