नुसते ओठ हलव

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "नाना, मला क्वायरमध्ये घेतलं, आल्टोत." मी "बरं बरं" केलं आणि कापसाच्या भावावर घसरलो. खरं सांगू? आल्टो म्हटल्यावर मला आधी मारुतीची गाडीच आठवली. क्वायर म्हणजे एकत्र गाणारं मंडळ आणि आल्टो म्हणजे बाया-पोरांच्या आवाजांतला खालचा, जाड आवाज, हे नंतर कळलं. मोठ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तठे बी भजनी मंडय शे का?" मी हसलो. मग चार दिवस वाचत बसलो, तेव्हा कळलं की म्हातारीचंच बरोबर होतं.

मला वाटायचं, एवढ्या मोठ्या वाद्यवृंदामागे उभी राहणारी शे-दीडशे माणसं म्हणजे पगारी गवई असणार. तसं नाही. बर्लिनची झिंग-अकाडेमी, म्हणजे तिथलं गाणाऱ्यांचं मंडळ, 1791 मध्ये सुरू झाली. राजाच्या पदरी वाजवणारा फाश नावाचा एक वादक हौशी माणसं जमवून गाऊ लागला, त्यातून ती उभी राहिली. त्यात पहिल्यापासून बाया होत्या! देवळातल्या गाण्यात तेव्हा वरचे आवाज बहुतेक पोरांचे असायचे, आणि इथे बायका-पुरुष एका खोलीत बसून तालीम करायचे. फाशनंतर 1800 मध्ये मंडळ त्सेल्टरकडे आलं. हा त्सेल्टर मूळचा गवंडी. थापी-ओळंब्याचा धंदा घरचा आणि गाणं जिवाचं. आपल्या मंडळातही टाळ धरणारे दिवसा वेगळंच काही करत असतात, ते तू पाहिलंच आहेस.

त्याच मंडळाने 11 मार्च 1829 ला बाख या जर्मन संगीतकाराचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' गायलं, येशूच्या यातनांची कथा सांगणारं. बाख जाऊन तेव्हा 78 वर्षं झाली होती आणि एवढी मोठी रचना जवळजवळ अडगळीत पडली होती. ती बाहेर काढणारा संगीतकार मेंडेलसोन 20 वर्षांचा होता. आजीने त्याला हाताने उतरवलेली प्रत दिली होती म्हणे. समोर दीडशेच्या आसपास गाणारे. पण मी थबकलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. हा मेंडेलसोन पोरगा असताना बहिणीबरोबर त्याच मंडळात आला, तेव्हा त्यालाही आल्टोतच बसवलं होतं.

असंच क्वायरने गायचं आणखी एक मोठं काम, हेंडेल या संगीतकाराचं 'मसाया', 13 एप्रिल 1742 ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती केली होती. (आपल्या रथाच्या दिवशी बोरीच्या पात्रात अशी विनंती कोण ऐकेल!) त्या कार्यक्रमाच्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली 142 माणसं सुटली. हे मी दोनदा वाचलं. कर्जाने माणूस कसा कोंडला जातो, ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पुढे इंग्लंडात छापील स्वरलिपीच्या वह्या स्वस्त झाल्या, कर्वेन नावाच्या पाद्रीने आपल्या सारेगमसारखी डो-रे-मीची अक्षरी लिपी गावोगाव नेली, आणि गिरणी-खाणीतले लोकही हे गाऊ लागले.

तुम्ही बसवताय ती बीथोव्हेनची नववी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदाची चार भागांची मोठी रचना. तिच्या 1824 च्या व्हिएन्नातल्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट तुला ठाऊकच असेल: ऐकू न येणाऱ्या बीथोव्हेनला टाळ्या दिसाव्यात म्हणून एका गायिकेने श्रोत्यांकडे वळवलं. तीही आल्टोच होती, कॅरोलीन उंगर. त्या गाण्यात पहिले तीन भाग तुम्ही नुसतं बसायचं, तोंड उघडायचं ते चौथ्यात. आपला टाळकरी एवढा वेळ गप्प बसला तर चहा मागेल.

आता तुला जे सांगायचं आहे ते. हे सगळं वाचताना मला एकच गोष्ट सलत होती. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतो, मागचे उचलतात, आणि सगळ्यांची चाल एकच. काल आखाजीला झोक्यावर पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, तेही तसंच. कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली, पण स्वर तोच. तुमच्याकडे एकाच क्षणी एक सा धरतो, दुसरा ग, तिसरा प, आणि प्रत्येकाची ओळ वेगळी चालत असते. म्हणजे खालच्या, जाड आवाजालाही स्वतःची चाल लिहून ठेवलेली असते.

तू सातवीत होतीस. 15 ऑगस्टचं समूहगीत मीच बसवत होतो. पेटी काळी चारवर. अंतरा वर गेला की तुझा आवाज फाटायचा, मग तू खाली उतरायचीस आणि सगळ्यांत वेगळी ऐकू यायचीस. मी तुला मागच्या रांगेत नेलं आणि म्हणालो, "नुसते ओठ हलव." मास्तरांची पोरगी बेसूर गाते असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू तीन वर्षं ओठ हलवलेस. एकदाही तक्रार केली नाहीस, आणि घरातही गाणं म्हटलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या आईच्या आलं होतं.

तू बेसूर नव्हतीस, वैशू. पट्टी चुकीची होती. पेटी दोन सुरांनी खाली घ्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

कुरडया आणि कळण्याचं पीठ संजूबरोबर पाठवतोय, जूनमध्ये तो येईल तेव्हा घे. आणि एक काम कर. पूर्ण कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नंतर पाठव. आधी तुझी आल्टोची ओळ मोबाईलवर एकटी गा, मागे काही वाजू देऊ नकोस, आणि ती पाठव. पेटीवर मी ती शोधून बघतो.

तुझे,
नाना