अकराव्या खेळीनंतर

दांडिया बाजार, बडोदे
१४ जून

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला बुद्धिबळाचा डाव पटावर मांडून दोनदा पाहिला. दहाव्या खेळीपर्यंत बोट ठेवायला जागा नाही. वजिरापुढचं प्यादं, मग सी४ (अक्षर उभ्या पट्टीचं, अंक आडव्या ओळीचा), डी५वर मारामारी, उंट जी५, ई३, दुसरा उंट डी३, वजीर सी२, घोडा एफ३, कॅसलिंग. काळ्याचाही घोडा रीतसर एफ८वर. पुढे अकराव्याला तू एच३ केलंस. बाराव्याला घोडा ई५. त्याने एफ६चा घोडा डी७वर घेतल्यावर उंटांची मारामारी झाली, चौदाव्याला तुझा घोडा परत एफ३वर, आणि पंधराव्याला राजा एच१. यातली एकही खेळी सुटी पाहिली तर फार वाईट नाही. पण या खेळ्या एकमेकींना ओळखतच नाहीत. एच३ने तर काळ्याला पकड दिली: त्याचं जी-प्यादं जी५, जी४ असं आलं की त्याला धरायला आयतं काहीतरी मिळालं. तुझ्या राजासमोरची पट्टी उघडली ती तिथूनच.

मधल्या डावात योजना सुचत नाही, असं लिहिलंयस. योजना म्हणजे पंधरा खेळ्यांचं भविष्य असं तू धरून चालला आहेस, म्हणून सुचत नाही. तेवढं लांब कुणालाच दिसत नाही. एका वाक्यात सांगता येईल आणि तीन ते सहा खेळ्यांत पटावर उमटेल, एवढीच योजना करायची. ते वाक्यही आपल्या इच्छेतून काढायचं नाही. ‘राजावर हल्ला करू’ ही इच्छा झाली. वाक्य प्याद्यांतून वाचायचं, कारण मोहरी दर खेळीला जागा बदलतात आणि प्यादी मागे येत नाहीत.

तुझ्याच डावातली प्यादी मोज. डी५वरच्या मारामारीनंतर तुझी ए२, बी२, डी४, ई३ आणि राजासमोरची तीन. त्याची ए७, बी७, सी६, डी५ आणि राजासमोरची तीन. मध्य बंद आहे, डी४ आणि डी५ समोरासमोर अडून बसलीत. सी-पट्टी तुझ्या बाजूने उघडी, ई-पट्टी त्याच्या बाजूने. वजिराच्या अंगाला तुझी दोन, त्याची तीन. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात, त्या गावच्या जुन्या स्पर्धांवरून. पांढऱ्याची इथली नेहमीची योजना ऐकायला विचित्र वाटते: दोन प्याद्यांनी तिघांवर चाल करायची. प्यादं जिंकायचं म्हणून नव्हे, तर शेवटी त्याच्याकडे एक लंगडं प्यादं उरावं म्हणून.

हत्ती ए१वरून बी१. पुढे बी४, ए४, बी५, आणि मग सी६वर मारायचं. पाच खेळ्या. त्याने मध्येच ए५ केलं तर आधी ए३ करून मगच बी४, म्हणजे सहा. बी५ झाल्यावर त्याच्यापुढे तीन वाटा राहतात आणि तिन्ही थोड्याफार दुखतात. तुला सी६वर मारू देऊन बी-प्याद्याने परत मारलं, तर सी६चं प्यादं मागे पडतं. बाजूला प्यादं नसल्याने त्याला कायम मोहऱ्याचाच जोर द्यावा लागतो, आणि तुझे हत्ती सी-पट्टीवर तयारच असतात. शिवाय सी५चं घर तुझ्या घोड्याला मिळतं, कारण त्याला हुसकायला बी६वर प्यादंच उरत नाही. दुसरी वाट, सी-प्याद्याने बी५वर मारणं. तसं केलं तर डी५चा आधार जातो आणि बी७चं प्यादंही कमकुवत राहतं. तिसरी, सी५ ढकलणं. तू डी-प्याद्याने मारलंस की डी५ एकटं पडतं.

आता हे कुठे फसतं ते सांगतो. पुस्तकं योजना सांगतात, फसण्याची जागा चार ओळींत उरकतात.

पहिली जागा ई४चं घर. काळ्याच्या घोड्याला तिथे बसायचंय, मागे ई-पट्टीवर त्याचा हत्ती उभा आहेच. त्या घरावर तुझे तीन जोर, म्हणजे तिथे मारू शकणारी तीन मोहरी आहेत: डी३चा उंट, सी३चा घोडा, आणि उंटामागून सी२चा वजीर. घाईने घोडा ए४वर नेलास की एक जोर गेला. काळा घोडा ई४वर बसला की तुझी वजिराच्या अंगाची चाल तिथेच थांबते आणि तू राजाची राखण करत बसतोस. म्हणून बी५ होईपर्यंत घोडा सी३वरच. दुसरी जागा सी४. तू बी४ केलंस की बी३ आता कधीच होणार नाही, म्हणजे सी४वर तुझ्या प्याद्याचा पहारा संपला. काळा स्वतःच बी५ खेळून तुझी चाल रोखतो आणि डी७, बी६, सी४ असा घोडा आणून बसवतो. तो घोडा सी४वर असेपर्यंत सी-पट्टी बंद, मागचं सी६ सुरक्षित. तेव्हा त्याने बी५ केलं की आधी मोजायचं: त्याचा घोडा सी४पासून किती खेळ्या लांब आहे? एकच असेल तर ती चाल सोडून दे. तीन असतील तर लगेच ए४ किंवा ई४ने फोड, तो पोचायच्या आत. तिसरी जागा ए-पट्टी: त्याने ए५ करून मारामारी केली तर ती पट्टी त्याची, आणि त्याचा हत्ती ए३वर येऊन सी३च्या घोड्याला छेडतो.

याच रचनेत पांढऱ्याची दुसरी योजनाही आहे, एफ३ करून ई४ रेटण्याची. १९५२च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत बॉटविनिक या खेळाडूने केरेसविरुद्ध तेच केलं. पण त्यासाठी राजाकडचा घोडा ई२वर लागतो. तुझा एफ३वर होता, म्हणजे एफ-प्याद्याची वाट नवव्या खेळीलाच बंद. बरेच जण ‘आता योजना करू’ म्हणून बाराव्याला डोकं खाजवतात, तोवर निम्मी निवड न कळत झालेली असते. म्हणून ओपनिंग पाठ करताना प्रत्येक घोड्याच्या घरापुढे लिही: यामुळे माझं कोणतं प्यादं अडलं?

आता मोहऱ्यांची मारामारी. तुझ्या डावात काळ्या घरांचे उंट गेले, ते तुझ्याच पथ्यावर पडलं, कारण तुझी डी४ आणि ई३ काळ्या घरांवर आहेत, तो उंट पुढे आपल्याच प्याद्यांना अडखळला असता. काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट मात्र सी६ आणि डी५च्या मागे कोंडलेला. तो उंट एफ५वर आणून तुझ्या डी३च्या उंटाशी बदलायला काळा जिवाचं रान करतो. तू ते सहजासहजी करू देऊ नकोस. ‘दोन्ही उंट तीन-तीन गुणांचे, बरोबरी झाली’ हा हिशेब शाळेतल्या पोरांसाठी ठीक आहे.

प्याद्याची कोणतीच फोड, म्हणजे प्यादं रेटून रचना उघडण्याची खेळी, तयार नसेल तेव्हा काय? तेव्हा सोव्हिएत खेळाडू मकोगोनोवच्या नावावर चालत आलेलं सूत्र: आपलं सगळ्यात वाईट जागी बसलेलं मोहरं शोध आणि त्याला काम दे. याच्या जोडीला एक डाव जरूर पाहा, कार्पोव विरुद्ध उंत्सिकर, १९७४ची नीसची ऑलिंपियाड. ए-पट्टी दोघांनाही उघडी, सगळ्यांना वाटणार की आता हत्ती बदलले जाणार. कार्पोवने चोविसाव्या खेळीला उंट नेऊन ए७वर बसवला. दार लावून घेतल्यासारखं. काळ्याचे हत्ती पट्टीबाहेर राहिले, आणि त्या उंटाच्या आडोशाला पांढऱ्याचे हत्ती निवांत एकामागे एक उभे राहिले. वार नंतर राजाच्या अंगाने झाला. उंट काढून पट्टी उघडण्याची धमकी मागे तशीच टांगलेली, त्यामुळे काळ्याला हलताच येईना.

समोरच्याची योजना विचारणं हे आपली ठरवण्याच्या आधी. आपल्याकडे उत्तरायणात गच्चीवर उभं राहिलं की ज्याची नजर फक्त स्वतःच्या पतंगावर, त्याचा पहिला कटतो; दुसऱ्याचा मांजा कुठून येतोय ते पाहून मग ढील की खेंच ते ठरतं. पटावर हा प्रश्न असा: मी आता काहीच खेळलो नाही तर तो पुढच्या तीन खेळ्यांत काय करेल? त्याच वेळी बिनजोर, म्हणजे कुणाचाच आधार नसलेली, मोहरी बघून घ्यायची, त्याची आणि आपलीही. उत्तम योजना आणि एक बिनजोर हत्ती ही जोडी वाटते तितकी दुर्मीळ नाही.

सरावाचं. एकाच रचनेचे वीस डाव काढ, एका महिन्याला एकच रचना. प्रत्येक डाव बाराव्या-पंधराव्या खेळीला थांबव आणि खालचं पोस्टकार्डाने झाक. दहा मिनिटं घड्याळ लावून वहीत तीनच ओळी लिही: माझं कोणतं प्यादं कुठे फोडायचं, त्याचं कुठे फुटेल, माझं आळशी मोहरं कोणतं. मग पाच खेळ्या उघड. खेळी जुळली का ते बघू नकोस, फोड जुळली का ते बघ. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त मारामारीतल्या चुका शोधायला. कोण किती वरचढ ते सांगायला तो ०.४ असा आकडा दाखवेल, पण बी५ का, हे सांगणार नाही.

प्रत्यक्ष खेळताना दीड तासाच्या डावात ओपनिंग संपल्यावर एकदाच आठ-दहा मिनिटं खर्च कर. पुढे त्याचं घड्याळ चालू असताना योजना, आपलं चालू असताना खेळ्यांचा हिशेब. आणि प्याद्यांची मारामारी झाली किंवा वजीर गेले की जुनं वाक्य खोडून प्यादी नव्याने मोज. बी५ अडल्यावरही तेच रेटत बसणं ही आपल्या दोघांचीही जुनी खोड.

पुढच्या पत्रात तुझा पांढऱ्याच्या एकट्या डी-प्याद्याविरुद्धचा डाव पाठव, काळ्याकडून खेळलेला. तिथे डी५च्या घरावर तू घोडा बसवलास की उंट, एवढं आधी पाहायचंय.

तुझा,
नाना

ता. क. पंधराव्या खेळीला राजा एच१ऐवजी हत्ती बी१ मांडून तिथून पुढे माझ्याशी पत्राने खेळायचं का? मी काळा. माझी खेळी ए५, तू उत्तर कळव.