आधी बूड टेकव

पावसजवळून (जि. रत्नागिरी), आषाढ

प्रिय बंड्या,

सकाळपासून लाइट गेलीये, मोबाइल मेलाय आणि बागेत काम नाही. म्हटलं, फोनवर अर्धवट राहिलेलं कागदावर उतरवू. "ध्यान शिकलास ना, मग मला पण सांग की पाच मिनिटांत," असं म्हणालास. बाबा रे, मला सहा महिने झाले, त्यातले चार नुसतं बसायला शिकण्यात गेले.

पलीकडच्या वाडीतले गुरुजी शिकवतात. शाळेतून निवृत्त झालेले. पैसे घेत नाहीत, शिव्याही फुकट देतात. पहिल्याच दिवशी मी मंत्राचं विचारलं तर म्हणाले, "आधी बूड टेकव." पंधरा मिनिटं हलायचं नाही, एवढाच गृहपाठ. चौथ्या मिनिटाला पायाला मुंग्या, सहाव्याला नाकावर माशी. सिद्धासनाला, म्हणजे टाच बुडाखाली दाबून बसायला, तर माझे गुडघे तयारच होईनात. शेवटी साधी मांडी घालून जुन्या चादरीची चौपदरी घडी बुडाखाली सरकवली, तेव्हा गुडघे खाली उतरले आणि पाठ आपसूक सरळ झाली. योगसूत्रांतलं पतंजलीचं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, हे मला त्या चादरीने शिकवलं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाच्या तळाला दर्भ सांगितलाय. मला ते सोवळ्याचं प्रकरण वाटायचं. पण जूनमध्ये लादीला घाम फुटला आणि माझी सतरंजी दोन दिवसांत कुबट झाली. मग खाली दर्भाची चटई आणि वर घोंगडी घातली, तर ओल वर चढेना. सोवळं राहू दे, कोकणात हे सोयीचं आहे.

आंब्याच्या पेट्या भरायच्या धांदलीत आठवडाभर बसणं चुकलं. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा पंधरा मिनिटांवर आणून ठेवलं!

मग नाकाची पाळी. माझी सर्दी तुला माहीत आहेच. जलनेतीला, म्हणजे पाण्याने नाक धुवायला, अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात सपाट चमचाभर मीठ घालायचं. पहिल्या दिवशी मी मीठच विसरलो. नुसतं पाणी असं झोंबलं की मिरचीची धुरी बरी! दुसऱ्या दिवशी मीठ घातलं, तर नंतर पुढे वाकून नाक नीट कोरडं केलं नाही. दिवसभर डोकं जड. आता जमतं. एका नाकपुडीतून ओतलेलं पाणी दुसरीतून धारेने पडतं आणि तोंडाने श्वास चालू राहतो.

जेवणाचं म्हणशील तर हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितलाय. मासे सोडा असं गुरुजी म्हणाले नाहीत. १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा ताज्या माशांनीच मला सोडलं. सुकटीवर मात्र हात आवरत नाही.

त्राटकाची मजा ऐक. समई डोळ्यांच्या रेषेत, दोन-अडीच हातांवर. पापणी न लववता ज्योतीकडे बघायचं, पाणी आलं की डोळे मिटायचे. पावसाळी वाऱ्यात ज्योत ठरेना, म्हणून माजघराच्या कोपऱ्यात बसलो. आई आली आणि घाबरून म्हणाली, "रडतोस कशाला रे? कोण काय बोललं?"

आणि इतकं झाल्यावर, मागच्या महिन्यात, सोहं. इथे पावसला संत स्वामी स्वरूपानंदांमुळे (१९०३–१९७४) हा शब्द लहानपणापासून कानावर होता, पण अर्थ कधी विचारला नव्हता. सोहं म्हणजे 'तो मी आहे'. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हं'. म्हणायचं नाही, ऐकायचं. दिवसाचे २१,६०० श्वास मानतात, म्हणजे मिनिटाला १५. मी घड्याळ लावून मोजले तर १९ भरले. गुरुजींना सांगितलं, तर म्हणे, "मोजणाराच धापा टाकतोय, दुसरं काय."

खरं सांगू? अर्ध्या तासात सलग चार-पाच श्वास ऐकू येतात. मग खताचं बिल आठवतं. पण त्या चार-पाच श्वासांत पन्हाळीचं पाणी इतकं जवळून ऐकू येतं, की घरातच पडतंय असं वाटावं.

तेव्हा फोनवर काही सांगणार नाही. गणपतीला येशील तेव्हा चार दिवस जास्त रहा. तोवर रोज पंधरा मिनिटं बस, काही न करता. वहिनी हसली तर हसू दे. येताना तुझ्याकडची आजोबांची घोंगडी आण, ती कपाटात उगाच कसरीला खायला घालतोयस.

तुझा,
बाग्या

ता. क. : सोबत सुके बांगडे पाठवतोय. दुपारीच खा, रात्री खाऊन बसलास तर सोहंऐवजी ढेकरच ऐकू येतील.