केवलमूल्य आणि कल्याण स्टेशन

नाशिक, रविवार

प्रिय मित्रा,

काल रात्री फोनवर तुझ्या लेकीची वही वाचून दाखवलीस, तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून नीट बोलता आलं नाही. सकाळपासून तेच डोक्यात आहे. तिने |क्ष − ५४| = २० याची उकल क्ष = ७४ एवढीच लिहिली आणि निम्मे गुण गेले. तिला रागावू नकोस. नववीत माझंही हेच झालं होतं. "उभ्या रेघा दिसल्या की आतलं उणे काढून टाक" असं आम्हाला शिकवलेलं, आणि ते वाक्य मी कित्येक वर्षं डोक्यात बाळगलं. त्यात अंतराचा पत्ताच नव्हता.

केवलमूल्य म्हणजे अंतर. |क्ष| म्हणजे संख्यारेषेवर क्ष शून्यापासून किती लांब आहे, आणि |क्ष − ५४| म्हणजे क्ष ५४ पासून किती लांब आहे. हे तिला तुमच्याच स्टेशनावरून सांग. सीएसएमटीला शून्य धरलं तर कल्याण साधारण ५४ किलोमीटरवर. आता तिला विचार, कल्याणपासून वीस किलोमीटरवर काय आहे? मुंबईकडे गेलीस तर ३४, म्हणजे ठाणे. कर्जतकडे गेलीस तर ७४, बदलापूर मागे पडलेलं आणि वांगणी यायचं. म्हणून उकली दोन.

ती हुशार आहे, लगेच म्हणेल, "बाबा, कसाऱ्याकडे गेलं तर?" तर मग तिसरी जागा मिळते, खडवली आणि वासिंदच्या मधे! कल्याणला रूळ फुटतात, संख्यारेषा कुठेच फुटत नाही. तिला दोनच दिशा आहेत, म्हणून उत्तरंही दोनच. मला हे सुचलं तेव्हा फार आनंद झाला, तुला लगेच सांगावंसं वाटलं.

अंतर हे एकदा मनात बसलं की |२क्ष + १| = −३ ला उकल का नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. अंतर कधी उणे असतं का?

पण एका जागी मुलं हमखास घसरतात, तिथे जरा तिच्याजवळ बस. ३|क्ष − २| + ५ = १७ असं आलं की ती घाईने रेघा काढतात आणि एकदा १७, एकदा −१७ लिहून मोकळी होतात. आधी पाच पलीकडे न्यायचे, मग तीनने भागायचं. |क्ष − २| = ४ इतकं सुटसुटीत झाल्यावरच दोन वाटा करायच्या : क्ष = ६ किंवा क्ष = −२. रेघांच्या बाहेरचं सगळं आवरल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

आणि उजव्या बाजूलाही क्ष असेल तर ताळा केल्याशिवाय वही मिटू देऊ नकोस. |क्ष − १| = २क्ष + ४ घे. दोन वाटांनी −५ आणि −१ मिळतात. −५ घालून बघ : डावीकडे ६, उजवीकडे −६. ते बाद. −१ घातलं की दोन्हीकडे २ येतात. हातचं गणित बिनचूक असूनही खोटी उकल येऊ शकते, हे तिला स्वतःला सापडू दे. तू आधी सांगून टाकू नकोस.

या उभ्या रेघा व्हायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये वापरल्या. खूण इतकी साधी आहे की तिच्यात अंतर लपलंय हे विसरायला होतं.

रात्री जेवणं झाली की तिला |क्ष − ३| = |क्ष − ११| हे दे, पण पेन्सिलीने एक रेघ ओढून तिच्यावर ३ आणि ११ मांडूनच. काही न सोडवता तिने नुसतं बोट ठेवून "सात" म्हटलं, तर कितीही वाजले असोत, मला फोन कर.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना बाकमित्र