केनिया सफर : पिवळ्या तापाच्या लसीबाबत तातडीची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

ऑगस्टच्या केनिया सफरीला नाव दिलेल्यांनी पिवळ्या तापाची लस याच महिन्यात घ्यावी, ही कळकळीची विनंती. लस टोचल्यानंतर 10 दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. ते नसेल तर परतल्यावर भारतातल्या विमानतळावर अडवून 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. साठीपुढच्यांनी व अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मलेरियाच्या गोळ्यांचेही तेव्हाच विचारून घ्या.

पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. केनियाचा ई-प्रवास परवाना प्रत्येकाने, लहान मुलांसाठीसुद्धा, ऑनलाइन काढायचा आहे.

2017 पासून तिथे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. चकली-लाडू डब्यात, कपडे कापडी पिशवीत.

मसाई मारा हे अभयारण्य विषुववृत्ताजवळ असले तरी उंचावर आहे. पहाटे उघड्या टपाच्या जीपमध्ये चांगलेच गारठायला होते. स्वेटर, कानटोपी हवीच. विल्डबीस्टचे (हरणांच्या कुळातला मोठा आफ्रिकी प्राणी) कळप मारा नदी कधी ओलांडतील हे कुणीच सांगू शकत नाही. काठावर तासन् तास थांबावे लागेल, आणि थांबूच. तेवढ्यासाठीच तर जातोय! मात्र चालकाला गाडी पुढे दामटायला कुणीही सांगू नये. गाड्यांची गर्दी झाली की कळप बिचकून मागे फिरतात.

हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात झेब्र्यांच्या शेजारून सायकल चालवायची आहे. सराव आत्ताच सुरू करा.

— सहल समिती