वैर असावं तर इजिप्त-अल्जीरियासारखं

संपादक महोदय,
आफ्रिकी फुटबॉलची बातमी आपल्याकडे दोन ओळींत आटोपते. खरं तर चुरस बघायची तर तिथेच. नोव्हेंबर २००९. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना, कैरो. त्याआधीच अल्जीरियाच्या बसवर दगडफेक होऊन खेळाडू जखमी झालेले. इजिप्तला किमान दोन गोलांनी जिंकणं भाग होतं. पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला, दुसरा थेट भरपाई वेळेत (९० मिनिटांनंतर वाया गेलेल्या वेळेपोटी मिळणारी मिनिटं)! त्यामुळे दोन्ही संघांचे गुण, गोलफरक, सगळंच समसमान. मग चार दिवसांनी सुदानमधल्या ओमदुरमानला निर्णायक सामना. तिथे अल्जीरियाच्या अंतर यहियानं, तोही बचावपटू, अवघड कोनातून चेंडू जाळ्यात मारला आणि १-० नं इजिप्तचं विश्वचषकाचं स्वप्न संपलं. त्यानंतरच्या राड्यावरून इजिप्तनं आपला राजदूत माघारी बोलावला, हे मात्र अतिच झालं.

जानेवारीत आफ्रिकन करंडकाच्या उपांत्य सामन्यात इजिप्तनं ४-० असं उट्टं काढलं. अल्जीरियाच्या तिघांना लाल कार्ड मिळालं होतं, हेही सांगायला हवं. पुढे करंडकही इजिप्तचाच, सलग तिसरा. विश्वचषकाला गेलेल्या अल्जीरियाला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. युरोपातल्या खेळाडूंच्या बदल्यांच्या बातम्या थोड्या कमी करून अशा लढतींना क्रीडा पानावर जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, मिरज