डेंटल कॉलेजमधल्या त्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, तुमचं नाव टाकत नाही, न विचारता बरं दिसत नाही. सीएसएमटीला सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजमध्ये पुढच्या दोन दातांत भरलेलं सिमेंट पिवळं पडलं म्हणून आलेलो तो मी, खुर्चीत बसायच्या आधीच "चहा कमी केलाय हो" म्हणणारा.

कारण त्याआधी घराजवळच्या एका दवाखान्यात तेच सिमेंट दोनदा बदललेलं, दोन्ही वेळा वर्षाच्या आत तकाकी गेली, जीभ फिरवली की पॉलिश पेपर, आणि दर वेळी चहा नि हळदीवरून मलाच ऐकवलेलं, शेवटी व्हिनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) लावा म्हणाले तो आकडा ऐकून मी तिकडे फिरकलोच नाही.

तुम्ही आधी आरसा टाळूच्या बाजूने फिरवलात. दात मागून झिजून गुळगुळीत, दाढेतली जुनी चांदी आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेली. मग विचारलंत, पित्त होतं का? म्हटलं होतं की, डोकं चढलं की बोटं घालून पाडतो, लहानपणापासूनची सवय, आमच्याकडे सगळेच करतात, आणि मग तोंड स्वच्छ व्हावं म्हणून लगेच ब्रश. तुमचा चेहरा अजून आठवतो.

मागे एवढी लाईन असताना तुम्ही समजावत बसलात. तोंडातला पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं आणि पोटातलं ॲसिड असतं 1-2 च्या आसपास. सिमेंट म्हणजे रेझिनमध्ये बसवलेली काचेची बारीक पूड, ॲसिडने रेझिन मऊ पडतं, पूड उघडी पडते, निसटते, खड्डे होतात आणि त्यात चहा-हळद जाऊन बसते. म्हणजे डाग चहाचाच, पण त्याला जागा करून दिली पित्ताने! मी लगेच सिरॅमिकचं विचारलं (पैसे नव्हतेच, उगाच), तर म्हणालात काचेच्या जातीच्या सिरॅमिकचीपण चमक जाऊ शकते, झिर्कोनिया नावाचं जास्त कडक सिरॅमिक जास्त तग धरतं, पण त्याच्या शेजारचा दात तर तुमचाच ना.

आणि नवीन काही भरलं नाहीत, नुसतं पॉलिश करून दिलंत, पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलंत, वर तंबी की उलटी झाली तर ब्रशला हात लावायचा नाही, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरायच्या नि निदान अर्धा तास थांबायचं. रात्री अकराला घरी पोचून जेवून लगेच आडवा व्हायचो तेही बंद केलंय, म्हणजे आठवड्यातले चार दिवस तरी, लोकल वेळेवर आली तर. बोटं घालणं मात्र पूर्ण बंद, गोळ्या चालू आहेत.

आठ महिने झाले, सिमेंट अजून गुळगुळीत आहे, आणि चहा चालू आहे हेही सांगून टाकतो. खूप खूप आभार मॅडम. पुढच्या मंगळवारी आईला घेऊन येतोय, बोटं घालायला तिनेच शिकवलं होतं, ती म्हणते आमचे दात म्हातारपणामुळे झिजलेत, तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा, माझं ती ऐकत नाही.